मॉनिटर माझा, नेम मालकिणीचा

सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं दाखवणारा मॉनिटर मी घेतला, आणि माझं जुनं ग्राफिक्स कार्ड जेमतेम साठच काढतं हे घरी आणून जोडल्यावर पाहिलं. बैलगाडीसाठी एक्स्प्रेस-वे बांधल्यासारखं झालं.

कोपरखैरण्यातली माझी आगरी घरमालकीण मात्र हसली नाही. पन्नाशीची बाई, केसांत अबोली, पण नळाला पाणी आलं तरी गेम अर्धा सोडणार नाही. कोणीही भेटला की आधी विचारते, "कार्ड कंचा?" तब्येत नंतर. तिचं माझ्या उलट होतं. कार्ड दणदणीत, मॉनिटर साठचा.

गावच्या ऑनलाइन गोळीबाराच्या गेमच्या स्पर्धेची फायनल आली, तशी ती सीपीयू कडेवर घेऊन वरच्या मजल्यावरून माझ्या खोलीत उतरली. "तुजा स्क्रीन फुकट चाललाय," म्हणाली आणि पदर खोचून बसली. गेममध्ये समोर तिचाच जावई, गेल्या वर्षीचा विजेता. शेवटच्या फेरीत भिंतीआडून त्याचं नुसतं कोपर दिसलं, तेवढ्यात हिने त्याला उडवला.

गल्लीत विजयाचा बँजो वाजला. मी छाती फुगवून दिसेल त्याला सांगत सुटलो, "मॉनिटर माझा आहे बरं का!"

"मॉनिटर बेस हाय रे तुजा," मालकीण म्हणाली. "फक्त त्याच्यासमोर तू बसू नको."