घोडीच्या दोन कानांमधून

ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या मंदाताई कदमांना नदीची भीती वाटते, हे त्यांच्या घोडीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि पोटाचा धंदा तर नदीचाच होता.

एकोणीसशे बत्तीस-तेहतीसचा काळ. ग्वाल्हेरला दरबारी पाहुणे सतत येत. पुरुष मंडळी शिकारीला जात आणि त्यांच्या बायका मेहमानखान्यात पान खात बसत. कुणाच्या तरी डोक्यात आलं की बायकांनाही चंबळ दाखवावी. मुरेन्यापर्यंत रेल्वे, पुढे बेहडातून, म्हणजे त्या मातीच्या उंच-सखल घळींतून घोड्यावर, आणि शेवटी नदीतल्या वाळूच्या बेटावर जाऊन ऊन खात पडलेल्या सुसरी बघायच्या. पण पडद्यातल्या बायकांपुढे पुरुष वाटाड्या कसा चालणार? मग कान्होजी शिलेदारांची लेक आठवली. सातव्या वर्षापासून घोड्यावर बसणारी, नवरा इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेलेला, मूलबाळ नाही. नऊवारीचा कासोटा घट्ट मारून मंदाताई नोकरीवर रुजू झाल्या.

भीतीचं कारण जुनं होतं. मंदाताई नऊ वर्षांच्या असताना कान्होजी दोन्ही मुलांना घेऊन ग्वाल्हेरजवळची सिंध नदी ओलांडत होते. मंदा वडिलांच्या पुढ्यात घोड्यावर आणि धाकटा मल्हार शेपूट धरून मागे. घोड्याची शेपूट धरून पोहणं हा त्या काळी पागेतल्या पोरांचा खेळच होता. मल्हार मागून एकसारखा बडबडत होता, "आबा, मासा! आबा, माझ्या पायाला मासा लागला!" मग बडबड थांबली. मंदाने वळून बघितलं तर मागे नुसती शेपूट पाण्यावर तरंगत होती.

दुसऱ्या दिवशी कान्होजींनी रडणाऱ्या मंदाला त्याच नदीत घोड्यावर घातलं. म्हणाले, "भीती वाटली की टाच मारायची. थांबलीस तर जन्मभर थांबशील." मंदाने टाच मारली. तेव्हापासून ती टाचच मारत आली होती.

पाण्यात मात्र त्या पाण्याकडे बघत नसत. घोडीच्या दोन कानांच्या मधून समोरच्या काठाकडे बघत, आणि तोंडाने रामनाम. घोडीचं नाव चिमणी. चिमणीचे कान म्हणजे मंदाताईंची खिडकी होती. परतताना त्या खिडकीत पलीकडच्या काठावरचं एक वाकडं बाभळीचं झाड दिसायचं. ते दिसलं की अर्धी भीती ओसरायची.

त्या फाल्गुनात इंदूरहून इंदुताई आणि त्यांची भाची पद्मा आल्या. इंदुताई अंगाने भरदार आणि जिभेने त्याहून. पद्मा सोळा वर्षांची, वैशाखात लग्न ठरलेलं, आणि घोड्यावर बसायला मिळालं म्हणून हरखलेली.

सफरीच्या आदल्या दिवशी उताराची वाट आखायची रीत होती. काठापासून बेटापर्यंत चार बांबू रोवायचे, त्यांना फडकी बांधायची आणि जाताना बांबू डाव्या हाताला आणि येताना उजव्या हाताला ठेवायचे. त्या रेषेत पाणी घोड्याच्या गुडघ्याएवढं. रेषेच्या वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला, मात्र डोह होता. छावणीचे जमादार सूर्याजी म्हणाले होते, "ताई, पांढरी फडकी बांधा, लांबून दिसतात." पण घरात दसऱ्याच्या झेंड्याचं भगवं कापड उरलं होतं. मंदाताईंनी तेच फाडून बांधलं. शिवाय काठाजवळच्या पहिल्या बांबूला शेंदूर फासला, बुंध्याशी झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. ही सूर्याजींना न सांगितलेली गोष्ट. भ्यालेल्या माणसाला देव जरा जवळच लागतो.

सकाळी घोडे काठावर आले. पडदा म्हणून सूर्याजी आणि घोडे सांभाळणारे मोतद्दार वर, बेहडाच्या कडेमागे थांबले. इंदुताईंनी पाणी बघितलं आणि तट्टावरून खालीच उतरल्या.

"मी नाही बाई येत. माझ्या वजनानं नदीला पूर येईल. पद्मे, तू जा, पण सुसरीला सांग, माझ्या भाचीचं लग्न ठरलंय, पुढच्या वर्षी खा म्हणावं."

"मावशी!" पद्मा ओरडली.

"मंदाताई, पोरगी जशी नेताय तशी आणायची हं. तिच्या सासूला तोंड दाखवायचंय मला."

"आणते," मंदाताई म्हणाल्या. आजवर कुणी असं हातात हात देऊन मूल सोपवलं नव्हतं.

जाताना काही झालं नाही. पाणी स्वच्छ, खालची वाळू दिसत होती. बेटाच्या पार टोकाला सुसरी ओंडक्यांसारख्या पडल्या होत्या, लांब चोचीसारखी तोंडं उघडी टाकून. पद्मा श्वास रोखून बघत बसली. मंदाताईंचं लक्ष सुसरींकडे नव्हतं. बसल्या जागी त्यांनी सवयीने पाण्याच्या कडेला एक काडी खोचली होती. ती काडी ओली झाली. मग दिसेनाशी झाली.

"पद्मा, ऊठ."

"एवढ्यात? अजून ती मोठी पाण्यात उतरायचीय."

"ऊठ म्हणते ना."

वर कोट्याच्या बाजूला दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झाला होता. हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की पाणी चहासारखं झालंय आणि त्यावरून पालापाचोळा वाहतोय. बेटाची रुंदी निम्मी झाली होती. संध्याकाळपर्यंत बेट राहणार नव्हतं, हे मंदाताईंना कुणी सांगावं लागलं नाही.

उताराशी आल्या तर चारही भगवी फडकी उभी होती. जीव भांड्यात पडला. चिमणी पाण्यात घातली, मागे पद्मा तिच्या बिजली घोडीवर. चौथा बांबू उजवीकडे गेला, पाणी घोडीच्या पोटाला लागलं. तिसरा बांबू आला. पुढची दोन फडकी समोर काठालगत दिसत होती. मंदाताईंनी चिमणीचं तोंड तिकडे वळवलं.

खिडकीत झाड नव्हतं.

कानांच्या मधे नुसती पिवळ्या मातीची भिंत. झाड गेलं कुठे? की आपलेच डोळे फिरले? भीतीने माणसाला असलेलं दिसत नाही आणि नसलेलं दिसतं, हे त्यांना माहीत होतं. निशाण तर समोर दिसतंय, स्वतःच्या हाताने रोवलेलं. चिमणी थांबली. कान मागे पाडून फुरफुरू लागली. आणि मंदाताईंनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. टाच मारली.

दोन पावलं, आणि घोडीखालची जमीन गेली.

पाणी छातीपर्यंत आलं. चिमणी पोहू लागली, नाक फेंदारून, डोळे पांढरे करून. "थांब! तिथंच थांब!" मंदाताई मागे वळून किंचाळल्या. पद्माने लगाम खेचला. बिजली तिसऱ्या बांबूपाशी उभी राहिली. नदीच्या मध्यावर ती एकटी पोर, आणि काठावरून इंदुताईंचा आवाज, "अगं बाई, अगं बाई!" मंदाताईंनी लगाम सैल सोडला, आयाळ मुठीत धरली आणि घोडीला तिच्या मनाने वळू दिलं. तिला काय वाटलं देव जाणे, ती काठाकडे न जाता वळसा घेऊन बिजलीकडेच परतली. पायाखाली वाळू लागली तेव्हा मंदाताईंचे दात वाजत होते.

"ताई, आता?" पद्माचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पाणी खोगिराला लागायला वीतभर उरलं होतं. मागे बेट बुडत होतं, पुढे निशाण खोटं ठरलं होतं. सूर्याजी पोचून दोर टाकेपर्यंत ही जागाही राहिली नसती. मंदाताईंना मल्हारच्या हातातून सुटलेली शेपूट दिसली. तरंगणारी, रिकामी.

मग त्यांनी चिमणीचं तोंड हळूहळू डावीकडे फिरवायला सुरुवात केली. पाण्याकडे नाही, फडक्यांकडेही नाही, कानांच्या मधे बघत. मातीची भिंत सरकली. एक घळ आली. आणखी थोडं. वाकडी बाभूळ येऊन दोन कानांच्या बरोब्बर मधे उभी राहिली.

"पद्मा, आपण फडक्यांकडे नाही जायचं. त्या झाडाकडे जायचं. तुझ्या घोडीचं नाक माझ्या घोडीच्या शेपटीला. आणि तू बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. पण थांबू नकोस. मला मागे बघता येणार नाही. मला तुझा आवाज पाहिजे."

"मला काही सुचत नाहीये हो ताई…"

"मावशीच्या तक्रारी सांग!"

चिमणीने पाऊल टाकलं. मागून थरथरता आवाज आला. "मावशी... मावशी घोरते. रात्रभर. ग्वाल्हेरचे डास पण पळून गेले. आणि आम्हाला म्हणते कमी खा, स्वतः चकल्या उशीखाली ठेवते…"

"पुढे!"

"मग सासूबाई. बघायला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, चाल जरा. मी काय घोडी आहे? मग म्हणाल्या, शिवण येतं का. मी म्हटलं येतं. मला येत नाही ताई, मी खोटं बोलले…"

पाणी खोगिरावरून गेलं. रामनाम मंदाताईंच्या ओठावर अडकलं. घोडीच्या पायाखाली मात्र वाळू होती, एक पाऊल, आणखी एक. आणि आवाज थांबला.

मंदाताईंची मान मागे वळायला लागली होती. वळली असती तर झाड सुटलं असतं.

"पद्मा!"

काही नाही. नुसतं पाणी.

"पद्मा, बोल गं बाई!"

"...पाणी गेलं तोंडात," मागून खोकत आवाज आला. "थू! ...शिवण येत नाही, आणि पुरणपोळी पण येत नाही. फाटते."

"माझी पण फाटते," मंदाताई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. रडत रडतच त्या बाभळीखाली काठावर चढल्या.

इंदुताईंनी भाचीला मिठीत घेतलं, मग दोन धपाटे घातले, मग पुन्हा मिठीत घेतलं. सूर्याजी पडदा-बिडदा विसरून खाली धावत आले होते. आणि थोड्या अंतरावर, वरच्या अंगाला सरकलेल्या दोन बांबूंपाशी, मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, वस्तीतली एक म्हातारी हात जोडून उभी होती.

"ये निशान यहाँ किसने गाड़े?" सूर्याजी तिच्यावर धावून गेले.

म्हातारी घाबरली नाही. तिला वाटलं कौतुकच चाललंय. "हमने, सरकार. पानी चढ़ रहा था, दोनों झंडेवाले देवता भीग रहे थे. सो उठा के ऊँची ठौर बैठा दिए."

इंदुताईंच्या तोंडचं पाणी पळालं. "मी बघत होते की! मला वाटलं इथली काही पूजा असेल. मी पण हात जोडले हो!"

सूर्याजी म्हातारीला बोलणार तेवढ्यात मंदाताईंनी त्यांना अडवलं. त्या जमिनीवर बसल्या होत्या.

"तिला काही बोलू नका. शेंदूर मी लावला होता."

"तुम्ही? का?"

हा प्रश्न तेवीस वर्षं कुणी विचारला नव्हता. "भीती वाटते म्हणून," मंदाताई म्हणाल्या. "मला नदीची भीती वाटते, जमादार. लहानपणापासून. देवाजवळ ठेवली होती, तिथून या माऊलीनं उचलून वर नेली. तिची काय चूक?"

नोकरी जाणार असं मंदाताई धरूनच चालल्या होत्या. पण इंदुताई मधे पडल्या. "जमादार, माझी पोरगी परत आलीय. तुम्ही वर जाऊन काय सांगायचं ते सांगा, पण खाली मी हे सांगीन की हिला भीती वाटत नसती तर हिला ते झाड दिसलंच नसतं." मग मंदाताईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "आणि मी घोरते हे कुठं सांगायचं नाही. सगळं ऐकू येत होतं काठावर."

नोकरी राहिली. पुढल्या सफरीपासून बांबूंना पांढरी फडकी लागली, शेंदूर नाही. आदल्या दिवशी मंदाताई वस्तीत जाऊन सांगून यायच्या की हे देव नाहीत, हात लावू नका. शेंदराचा तो जुना बांबू म्हातारीकडून परत मागायला त्यांना धीर झाला नाही. तिने बसवला तिथेच तो काठावर राहिला, पुढे कुणीतरी त्याला घंटाही बांधली. उतरण्याआधी मंदाताई तिथे हात जोडत, मग पाण्यात जाऊन चारही बांबू स्वतः हलवून बघत, भीती न लपवता.

आणि नव्या पाहुण्या बायका घोड्यावर बसल्या की त्यांना पहिली गोष्ट सांगत, "मला या नदीची भीती वाटते. मी थांब म्हटलं की थांबायचं. आणि पाण्यात असताना मागून कुणीतरी बोलत राहायचं."

चिमणी थांबली की त्याही थांबायच्या. टाच त्यांनी पुन्हा कधी मारली नाही.