होल्टेज शे का?

देवळ्याजवळच्या आमच्या मळ्यात दोन घरं आहेत, वडिलांचं आणि धाकट्या काकांचं. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, दोघांत मिळून एकच वायर आली आहे. भावांनी जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, बोलणंही सोडलं. वायर तेवढी वाटायची राहून गेली. काकांनी विहिरीवरची मोटार लावली की आमच्या ओसरीवरचा जुना पिवळा बल्ब लाल व्हायचा आणि वडील बांधाच्या दिशेने शिव्या घालायचे. घरभर नवे दिवे आले, पण तो बल्ब त्यांनी बदलू दिला नाही.

मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवतो. लांब, बारीक तारेतून जास्त प्रवाह ओढला की विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाटेतच खर्ची पडतो आणि टोकाच्या घराला उरलासुरला मिळतो. दाब निम्मा झाला तर ताकद निम्मी नव्हे, पावच उरते. हे गणित मी फळ्यावर कितीदा सोडवलं असेल. त्या हिवाळ्यात वडिलांना ऑक्सिजनचं मशिन लागलं, मी रजा काढून मळ्यात आलो आणि त्याच गणिताची मला भीती वाटायला लागली.

पहिल्याच सकाळी काकांची मोटार सुरू झाली. मशिन कण्हलं, बीप वाजवून बंद पडलं. स्टॅबिलायझरनेही हात टेकले. वडिलांचे ओठ निळे पडू लागले तशी आई अंगणात धावली आणि ओरडली, "भाऊजी, मोटार बंद करा!" त्या बाजूला तिने कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती.

मोटार थांबली, ती थांबलीच. लाईट आल्यावर आपोआप सुरू होऊ नये म्हणून काकांनी तिचा ऑटोही काढून ठेवला. कांद्याला पाणी द्यायचे दिवस होते. रोज सकाळी ते बांधापर्यंत यायचे आणि व्होल्टेज आहे ना म्हणून मला विचारायचे, "होल्टेज शे का?" मी आत जाऊन सांगायचो. वडील नळी सावरत म्हणायचे, "सांग त्याले, शे." दोघंही हट्टी. मला दोघांचा रागही यायचा आणि रडूही यायचं.

कांदा पोसायच्या आधीच वडील गेले. काकांनी खांदा दिला. दहावा झाला तरी मोटार बंदच होती आणि त्यांच्या वावरातली पात पिवळी पडून आडवी झाली होती. शेवटी आईच बांधावर गेली. मी मागे होतो.

"भाऊजी, मोटार लावा आता."

काकांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. "होल्टेज..." म्हणाले आणि तिथेच बांधावर मटकन बसले.

थोड्या वेळाने ते उठून विहिरीकडे गेले. आम्ही ओसरीवर येऊन बसलो. मोटारीचा आवाज आला, बल्ब लाल झाला. आई त्याच्याकडे बघत राहिली. शिव्या घालायला घरात कोणी नव्हतं.