गाठ मारलेली चिंधी

काशीत ब्रह्मा घाटाच्या गल्लीत वेणीमाधवांना लोक 'टपकू गुरू' म्हणू लागले ते दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीपासून. वासुदेवशास्त्र्यांच्या मोटारसायकलचं इंजिन त्यांनी नुकतंच नव्याने बांधून दिलं होतं. शास्त्रीबुवा ती घेऊन उत्सवाच्या अंगणात आले आणि पंगतीसाठी काढलेल्या रांगोळीवर काळं तेल टपटप गळलं. वाढपी थबकले. शिवराम मोठ्याने म्हणाला, "काका, इंजिन बांधलंत की अभिषेकपात्र?" सगळी पंगत हसली.

शिवराम वेणीमाधवांच्याच हाताखाली शिकलेला, तेव्हा त्यांच्याच दुकानात कामाला. पुढच्याच महिन्यात त्याने रामनगरला स्वतःचं गॅरेज टाकलं आणि गिऱ्हाईक गंगेवरचा पूल ओलांडून तिकडे गेलं. शास्त्रीबुवांनी रागाने गाडी ताडपत्रीखाली टाकली आणि वेणीमाधवांना बजावलं, "आता तूही हात लावायचा नाहीस, दुसऱ्या कुणीही नाही." चूक शोधायचीच सोय उरली नाही. वेणीमाधव दुकानात बसून एवढंच म्हणत राहिले की माझ्या हातून असं होत नाही. ऐकायला कोणी नव्हतं.

यंदा शास्त्रीबुवांची मुलगी रुचा तीच गाडी ढकलत घेऊन आली. "वेणूकाका, बाबांना पटवलं. अब मैं चलाऊँगी. पण आधी हे तेल बंद करा."

वेणीमाधवांनी इंजिन रॉकेलने धुतलं, कोरडं केलं, सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि गाडी चालू करून समोर बसले. पांढऱ्या पावडरवर ओल जिथे आधी उमटते तिथे गळती असते. इथे ओल वरच्या झाकणापासून तळापर्यंत सगळीकडे एकदम फुटली. इतकी पॅकिंगं एकाच वेळी जात नाहीत. आत हवा कोंडून तीच तेल बाहेर ढकलत होती. इंजिनातली हवा बाहेर सोडणारी रबरी नळी त्यांनी काढली आणि तीत तार घातली. पिवळ्या फडक्याची चिंधी बाहेर आली, गच्च गाठ मारलेली. तसलं फडकं शिवराम खांद्यावर टाकून हिंडायचा.

पण पिवळी फडकी काशीभर मिळतात. त्यांनी चिंधी खिशात घातली आणि नळी परत बसवली. गळती थांबली.

"गणपतीत गाडी अंगणात आण," ते रुचाला म्हणाले. "आणि गळती बंद झाली हे कोणाला सांगू नकोस."

"काका, कुछ गड़बड़ है क्या?"

"आहे. बघशील."

उत्सवाच्या दिवशी रुचाने गाडी रांगोळीशेजारी लावली. सगळे आरतीत असताना वेणीमाधवांनी वाकून डबीतलं जळकं तेल इंजिनाखाली सांडलं. पंगत बसायला आली तेव्हा काळा ओघळ रांगोळीत शिरला होता.

"लो, टपकू गुरू फिर से!" कोणीतरी ओरडलं.

वेणीमाधवांनी मान खाली घातली. "शिवराम, मी हरलो बाबा. तूच सांग तेल कुठून येतंय."

शिवराम पुढे झाला. त्याने इंजिन पुसलं नाही, एका जोडावरून बोट फिरवलं नाही. सरळ ती नळी उपसली आणि तार घातली. काही निघालं नाही. त्याने पुन्हा घातली, खोलवर.

"अरे, यातली चिंधी..." तो बोलता बोलता थांबला.

"कसली चिंधी रे?" वेणीमाधवांनी खिशातून ती काढून हातावर धरली. "ही?"

या वेळी कोणी हसलं नाही. शास्त्रीबुवा म्हणाले, "माझ्या गाडीत, शिवराम?"

"नाही, म्हणजे... काका, वो तो..."

वेणीमाधवांनी त्याच्यापुढे फडकं टाकलं. "तेल पूस. इथे, सगळ्यांसमोर." शिवरामने गुडघ्यावर बसून पुसलं. त्याचं पुसून होईपर्यंत पान वाढलं गेलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर शिवरामची आई, अन्नपूर्णाबाई, दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. "वेणूभाऊजी, रामनगरला कोणी फिरकत नाही हो. चिंधी उंदराने नळीत नेली असेल, असं एकदा लोकांना सांगा. तुमचं ऐकतील."

वेणीमाधव एका इंजिनावर पावडर भुरभुरवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"वहिनी, उंदीर गाठ मारत नाही."

ती पुढे काही म्हणाली. त्यांनी किक मारली आणि इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.