भाऊजींची रोजची थाप

भाऊजींच्या लग्नाची बोलणी एकदाच झाली. मुलीचे काका म्हणाले, आमचं घराणं फार जुनं. त्यावर भाऊजींनी शांतपणे विचारलं, म्हणजे बाकीच्यांची घराणी परवा सुरू झाली का? चहा निवायच्या आत आम्ही रस्त्यावर. त्यानंतर मी त्या भानगडीत पडले नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

भाऊजी माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. सासरे अवेळी गेले तेव्हा यांनी शाळा सोडली आणि नळाच्या फिटिंगचं दुकान सांभाळलं, धाकट्याला मात्र शिकवलं. धाकटा विज्ञानाचा मास्तर झाला. आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतो, आणि ती खोली मी झाडत नाही, कारण पुस्तकं हलवली की घरात भूकंप होतो. यांना भावाचा अभिमान आहे आणि त्याच्या पुस्तकांचा राग आहे. गिऱ्हाइकाला सांगतात, "आमचा भाऊ मोठा विद्वान." गिऱ्हाईक गेलं की मला सांगतात, "बरं झालं मी शिकलो नाही, नाहीतर नळ विकायचा सोडून गिऱ्हाइकाशी वाद घालत बसलो असतो." हे सगळं मी इतकी वर्षं ऐकतेय की माझेच कान किटले.

भाऊजींची शिकवायची तऱ्हा वेगळी. रोज तासाला एक थाप मारायची. फळ्याकडे वळताना, अगदी सहज, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता. तास संपायच्या आत ती मुलांनी पकडायची, आणि नुसतं "सर, हे खोटं" म्हणून चालायचं नाही, खोटं कशावरून ते सांगायचं. कुणालाच सापडली नाही तर दुसऱ्या दिवशी ते स्वतःच फोडून दाखवायचे. मुलं त्यांना थापाडे सर म्हणायची. आमची लेक त्यांच्याच वर्गात, नववीत. एरवी अंथरुणातून ओढून काढावी लागणारी पोरगी त्या तासासाठी धावत जायची आणि रात्री जेवताना मला विचारायची, "मीठ जास्त पडलंय? कशावरून?" एक धपाटा घालावासा वाटायचा. पण पोरगी विचार करायला लागली होती, हे मला दिसत होतं.

मग ती उन्हाळ्याची थाप आली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, म्हणून उकडतं, असं भाऊजी म्हणाले. कुणालाच सापडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती फोडली, पण दातांच्या डॉक्टरांची मुलगी नेमकी त्या दिवशी तापाने घरी होती. तिने चाचणी परीक्षेत थापच लिहिली आणि गुण गेले. डॉक्टर तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे. मास्तर वर्गात खोटं शिकवतो, ही तक्रार. गुण गेले एवढंच त्यांनी पाहिलं, कुठल्या उत्तराचे ते नाही.

बाईंनी पालक समिती बोलावली. नववीचा वर्ग भाऊजींकडे ठेवायचा की काढून घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. शाळेचे नळ फुकटात दुरुस्त करून देतात म्हणून हे त्या समितीवर आहेत. त्या दिवशी यांनी दुकान लवकर बंद केलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "तू बघच. माझ्या भावाला कोण हात लावतो ते." मीही गेले. मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले.

डॉक्टर बोलले बराच वेळ. थोडक्यात सांगायचं तर मुलांना विचार करायला पुढे सगळं आयुष्य पडलंय, आत्ता बरोबर उत्तर द्या आणि पुढे चला. एवढा शिकलेला माणूस, आणि शिकण्याबद्दल असा बोलत होता, जणू दाढच उपटून घ्यायची आहे. बाकीचे माना डोलावत होते. बाईंनी भाऊजींना विचारलं, ही तऱ्हा सोडाल का? भाऊजी म्हणाले, नाही सोडणार. का नाही सोडणार ते मात्र सांगितलं नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजेल, असा तोंडाचा आविर्भाव. मला वाटलं उठावं आणि दोन शब्द सुनावावेत. अहो, सांगा ना यांना! पोरं कशी धावत येतात ते सांगा!

तेवढ्यात हे उभे राहिले. यांना चारचौघांत बोलायची सवय नाही. शर्टाचं टोक ओढत म्हणाले, "माझ्या भावाला मी लहानाचा मोठा केलाय. तो खोटं बोलणारा नाही. आणि यात खोटं आहेच काय? उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, म्हणून तर उकडतं. हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

सगळ्यांनी माना हलवल्या. डॉक्टरांनी हलवली, बाईंनीही हलवली. खोटं शिकवलं म्हणून तक्रार घेऊन आलेल्या त्या खोलीत, ते खोटं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगते, मलाही नव्हतं.

आणि भाऊजी हसले.

नुसतं ओठात नाही, मान मागे टाकून, खळखळून हसले. "दादा, अरे तीच तर थाप! आपल्याकडे थंडी असते ना, तेव्हाच पृथ्वी सूर्याच्या जवळ असते!" आणि पुन्हा हसले. ते सगळ्या खोलीला हसत होते, मला ठाऊक आहे. पण खोलीत उभं एकच माणूस होतं.

हे खाली बसले. बाईंनी हात वर करायला सांगितले तेव्हा यांनी ना इकडे हात वर केला ना तिकडे. वर्ग गेला. नववीला नवीन सर आले, छापील उत्तरं सांगून लिहून घेणारे. भाऊजींना वेळापत्रकं आखायला दिली.

तेव्हापासून घरात दोन दगड. भाऊजी म्हणतात, लोकांना अज्ञानच प्रिय आहे वहिनी, त्याला मी काय करू? हे म्हणतात, पुस्तकं वाचून माणूस माणसातून उठतो, मी आधीच सांगत होतो. एकाला शिकायची लाज, दुसऱ्याला शिकल्याचं अजीर्ण. कुणाला बोलणार, आपलेच दात नि आपलेच ओठ. मी एकाला वर चहा नेऊन देते, दुसऱ्याला खाली, आणि जिन्यात स्वतःशीच बडबडते.

काल बऱ्याच दिवसांनी सगळे एकदम जेवायला बसलो. हे ताटात बघत लेकीला म्हणाले, "काय ग, मग उन्हाळा होतो तरी कशामुळे?"

अगदी सहज विचारल्यासारखं. पण मी त्यांची बायको आहे. इतके दिवस तो प्रश्न या माणसाच्या पोटात होता.

लेक म्हणाली, "नवीन सर म्हणाले, ते आता वार्षिकच्या पेपरात येणार नाही. सोडून द्या."

काकाला समोर बसवून बोलली, आणि जेवत राहिली. कशावरून नाही की काही नाही. भाऊजींचा हात थांबला. त्यांनी यांच्याकडे बघितलं. यांनी पाण्याचा पेला उचलला, रिकामा होता तरी तोंडाला लावला.

माझं डोकंच फिरलं. हातातला डाव मी पातेल्यात आपटला.

"भाऊजी, मला सांगा उन्हाळा का होतो ते. मी दोनदा नापास झालेली बाई आहे, सावकाश सांगा. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागले, मलाच, माझ्याकडेच बघत. थोड्या वेळाने यांनी रिकामा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "थांब जरा. हे मघाचं पुन्हा सांग."