कोंड्यावर घेतलेलं लेकरू

पीठ चाळताना कोंडा उडतो आन् दारातनं आलेल्या उनाच्या तिरपीत तरंगत ऱ्हातो, तवा माजा हात थांबतो. सून म्हनती, आत्याबाई बसल्या जागी झोपल्या. झोप न्हवं ती. मी तवा हितं नसतीच. त्या जुन्या परसदाराच्या उंबऱ्यात आसती, मांडीवर सूप आसतं, आन् सुपात काय व्हतं ते मागनं सांगते.

माजं म्हायेर पूर्वंकडं, बाजरीच्या कोरड्या मुलखात. दिलं मला कऱ्हाडच्या खाली, कृष्णंच्या काठाला. लग्न करून आले तवा उसाला तुरं आलं व्हतं. पांढरं पांढरं, वाऱ्यावर हालतंय. मला वाटलं ढगच उतरल्यात रानात. एवढं हिरवं मी जल्मात बघितलं न्हवतं. आशा रानात मी सुकून जाईन, आसं मनातबी आलं न्हाई.

आमचं मालक मिल्ट्रीत. वरसातनं एकदा सुट्टीवर यायचं, काळी ट्रंक खांद्यावर घिऊन. दोन म्हयनं घर कसं भरल्यावानी वाटायचं. ते गेलं की आत्याबाई, म्हंजी माजी सासू, माज्या तोंडाकडं बघायच्या. पोरगी कैरी मागती का, भाकरीच्या वासानं हिला मळमळतंय का. नदीला धुनं धुवाय गेलं की बायकाबी बघायच्या. मी आपली दगडावर लुगडं आपटायची. पान्यात माजं तोंड हालायचं, फुटायचं, परत जुळायचं. तितंच बघत बसावं वाटायचं.

सुट्ट्या आल्या, सुट्ट्या गेल्या. औंधाच्या डोंगरावर यमाईला नवस बोलून झाला. इट्याकडची एक म्हातारी कसली मुळी उगाळून द्यायची, ती कडू जहर, तीबी प्याले. पेरनीच्या दिवशी पयली मूठ मला धरू देत न्हवतं. वांझेच्या हातचं बी उगवत न्हाई म्हनायचं. मी बांधावर बसून बघायची. दुसऱ्याच्या बारशाला गेले तर पाळन्याच्या दोरीला हात लावाय देत न्हवतं. कुनी भांडून न्हाई, गोडीनंच हात बाजूला करायचं. रडले न्हाई मी कवा. रडून पाळना थोडाच हालतोय.

मग लढाई झाली. त्या साली सुट्टीच न्हाई. समदं गाव रेडिओभवती बसायचं. लढाई सपल्यावर मालक आलं, वाळल्यालं, पन धड. आन् आल्या आल्या मला म्हनले, मिरजंला जाऊ, मोठ्या दवाखान्यात दाखवू. आत्याबाईंनी दुसऱ्या बायकुचा विषय काढला व्हता, त्येला ह्यो त्यांचा जबाब.

रेल्वेनं गेलो. मला खिडकी दिली व्हती. झाडं मागं पळत्यात, ऊस पळतोय, आन् मी एका जागी. आसंच कायम जात ऱ्हावं, मिरज येऊच नये, आसं वाटाय लागलं.

डाक्टरीनबाई लय बरी. तपासलं, म्हनली, बाई, तुज्यात काई दोष न्हाई, मालकास्नी तपासू. मला वाटलं आता ह्ये उठून जानार. न्हाई गेलं. दुसऱ्या खेपंला त्येंला एकट्याला आत बोलावलं. मी लिंबाच्या झाडाखाली बसले. भाईर आलं, माज्याशेजारी बसलं, आन् रुमालानं बूट पुसाय लागलं. पुसल्यालंच बूट परत पुसत व्हतं. मिल्ट्रीत नवं नवं रंगरूट आसताना गालगुंड झालं व्हतं, ताप लय चढला व्हता, त्यात ह्ये झालं आसंल म्हनं.

"दोष माजा हाय," ते म्हनले. "घरी मीच सांगनार."

"चला, गाडी चुकंल," मी म्हनले.

सांगितलं त्येनी, आईच्या तोंडावर, उघड सांगितलं. आत्याबाई घेवडा सोलत व्हत्या. मान वर न करता म्हनल्या, दारूगोळ्यातनं जिता आल्याला गडी, त्येच्यात कसला दोष. दुसऱ्या दिशी माज्यासाठनं परत अंगारा हजर. पन सवतीचं नाव मातूर परत कवा निघालं न्हाई.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं मालकास्नी सांगितलं व्हतं, आनाथ लेकरास्नी सांभाळत्यात आसं ठिकान सांगलीत हाय, तितनं मूल मिळतंय. मालकांच्या मनानं घेतलं. आत्याबाई म्हनल्या, कुळ न्हाई, मूळ न्हाई, मी जिती हाय तवर न्हाई. मालक ट्रंक भराय लागलं. जाताना फाट्यावर एवडंच म्हनलं, पुढच्या सुट्टीला मी आईचं आयकनार न्हाई. एस्टी गेली. धुरळा किती येळ तसाच उभा व्हता.

आमच्या घरात आनखी एक दुख व्हतं. माजी धाकली जाऊ. तिला मूल व्हायचं, पन टिकत न्हवतं. दोन लेकरं पाळन्यातनंच गेली. मी कोरडी आन् ती भरून सांडल्याली. परसात दोघी शेन थापायचो, एकमेकीकडं न बघता. त्या साली पाऊस रुसला, आन् आश्यात ती तिसऱ्यांदा बाळंत झाली. ल्योक झाला.

पाचवीच्या आदी आत्याबाई माज्याजवळ येऊन बसल्या. म्हनल्या, "सटवाईला हिच्या बाजंचा पत्ता ठाव झालाय. तुज्या दाराला ती कवा आलीच न्हाई, तिकडची वाट तिला घावायची न्हाई. पोर तू कोंड्यावर इकत घे."

आमच्याकडं ही चाल हाय. ज्या बाईचं मूल जगत न्हाई ती आपलं मूल दुसरीला कोंड्याच्या बदल्यात इकती. म्हंजी द्येवाला वाटावं, कोंड्याच्या मोलाचं हाय, कशाला न्यायचं. जावळ काढायच्या येळंला त्योच कोंडा परत दिऊन मूल सोडवून घ्यायचं. तवर ते घेनारीचं. एरवी लेकुरवाळी बाई बघत्यात. आत्याबाईंनी मला बघितली. टोमना व्हता का देनं व्हतं, मला आजून कळलं न्हाई. दोन्ही आसंल.

सकाळच्या पारी, परसदाराला, मी उंबऱ्याच्या आत बसले. जाऊ भाईर. तिनं सूप पुढं केलं. मी तिच्या गाडग्यात कोंडा वतला, जोंधळ्याचा, हातानं चाळल्याला. कोंडा उडाला, उनात तरंगला, आन् सूप माज्या मांडीवर आलं. लालबुंद, मुठी आवळल्यालं. माज्या बोटाला धरलं त्येनं. मग मला कोन काय बोललं ते आयकूच आलं न्हाई. नदी कानात वाहावी तसं झालं.

त्येचं नाव कोंड्यावरनंच पडलं. झोपायचं माज्याजवळ. दूध तिचं. पन तिनं त्येला माजा म्हनायचं न्हाई, सटवाई आयकंल म्हनून. ती यायची, उंबऱ्याभाईर उभी ऱ्हायची आन् इचारायची, "आक्का, तुमच्या पोराला वाईच दूध पाजू का?"

"पाज. पन परत दे," मी म्हनायची, आन् दोघी हासायचो.

वरीस कसं गेलं सांगता येत न्हाई. भाईर दुष्काळ. ऊस उभ्या उभ्या वाळला, नदीची डबकी झाली. माजा भाऊ म्हायेराला दुष्काळी कामावर खडी फोडत व्हता. आन् मी, लोकं उपाशी आसताना, सुखात व्हते. खरं तेच सांगते. दुपारी त्यो पोटावर झोपायचा, त्येच्या श्वासाबर माजा श्वास. डोळं मिटलं की त्या वाळल्या रानात परत पांढरं तुरं हालायचं. पन परत दे म्हनताना आता मला हासू येईना. रांगायला लागला, उभा ऱ्हायला लागला. जावळ वाढत व्हतं, आन् मी त्येला तेल लावायचं कमी केलं. केस वाढूच नयेत, आसं वाटायचं. येडंच.

जाऊला परत दिवस गेलं व्हतं. तिचं दूध आटलं, तवा पोर म्हशीच्या दुधावर आलं. म्हशीलाबी वैरन न्हाई, छपराचा पाला काढून घालायची पाळी.

उनाळ्यात मालक सुट्टीवर आलं आन् जावळाचा दिवस ठरला. मला म्हनले, "सोडवून दिल्यावर आपन सांगलीला जाऊ." मी व्हय म्हनले. पन मला दुसरं नगंच व्हतं.

जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवायचं. जावेचा भाऊ नवा टावेल घिऊन आला व्हता. माजा भाऊबी आला, नुसता पावना म्हनून, भिताडाला टेकून बसला. खडी फोडून हात फाटल्यालं, ते धोतरात झाकत व्हता. मी पोराला न्हाऊ घातलं, कोरडं केलं, सुपात बसवलं. मोठा झाल्याला, सुपात मावंना. माजं हात नीट चाललं व्हतं. न्हाव्यानं वस्तरा पाजळला.

जाऊ गाडगं घिऊन आली आन् उंबऱ्याभाईर पालथं धरलं. आत काई न्हवतं.

"कोंडा म्हशीला घातला, आक्का," ती म्हनली. "तुमच्या पोराला दूध कुटनं आनायचं?"

आत्याबाई म्हनल्या, येडी का खुळी, जात्याजवळ दुसरा कोंडा हाय, त्यो आन. जाऊ हालली न्हाई. म्हनली, ज्येच्यावर इकला त्योच लागतो, तुमीच सांगितलंय आत्याबाई. नकळत त्यो कोंडा म्हशीला घालाय जाऊ काय अडानी व्हती? दीर खाली मान घालून उभा व्हता. दोघांचं आदीच बोलनं झालं व्हतं, ते मला तवा कळलं. त्यो न्हाव्याला म्हनला, बसव वैनीच्या भावाच्या मांडीवर.

माज्या भावानं फाटल्यालं हात भाईर काढलं. जावेच्या भावानं नवा टावेल त्येच्या मांडीवर हातरला. केस पडाय लागलं, मऊ, काळं. मालक रुमालानं बूट पुसत व्हतं. तेवड्यात मला जात्याचा आवाज आला. आत गेले तर जाऊ जातं फिरवत बसली व्हती. जात्यात दाना न्हवता. मी तिच्या समोर बसले आन् खुट्याला माजाबी हात लावला. रिकामं जातं लय मोठ्यानं वाजतं. दोघींनी मिळून किती येळ तरी फिरवलं.

मग तिला लेक झाली आन् ती टिकली. माजं सांगलीला जायचं ऱ्हायलं. पोरगं मला आई म्हनून वाढलं, तिला काकी म्हनून. कळाय लागल्यावर त्येला आमी दोघींनीच सांगितलं. त्यो म्हनला, मला ठावं हाय, आन् भाकरी मागितली.

आता त्येच्या मिशीला पांढरं आलंय. मालक गेलं, दीर गेला. जावेला डोळ्यानं कमी दिसतं, माजं गुडघं गेलं. शेजारी शेजारी दोन दारं हायेत आमची. तिच्याकडं काय चांगलं शिजलं की ती भिताडाला धरत येती, उंबऱ्याभाईर थांबती. सुना हासत्यात, ह्या वयात कसलं इचारनं. ती इचारतीच.

"आक्का, तुमच्या पोराला वाईच जेवाय घालू का?"

"घाल बाई," मी म्हनते. परत दे म्हनत न्हाई आता.