अबोल काढा

हाताला ऊठ म्हटले की तो उठतो, पायाला थांब म्हटले की तो थांबतो. आतडे मात्र आपल्या हुकमात नाही. आपण झोपतो, ते जागे असते. आपण रागावतो, रुसतो, देवालाही विसरतो; ते आपल्या पोटातला घास पुढे, पुढे, पुढे सरकवत राहते. शास्त्र त्याच्या स्नायूला अनैच्छिक म्हणते. मी, गावचा कीर्तनकार, त्याला भगवंताने आपल्यापाशी ठेवलेला चाकर म्हणतो. आणि सीवूड्सच्या उंच इमारतींमागे, आमच्या आगरी गावात, या चाकराची सेवा करण्यात जिचे आयुष्य गेले, ती गोजराआजी.

आजीचा काढा साधा. ओवा, बडीशेप आणि दोरीसारखा पीळ असलेली मुरडशेंग. देण्याची रीत मात्र कडक. सासूने, राहीबाईने, मरताना हातात हात घेऊन सांगितलेली. पोट धरून आलेल्याने ओट्यावर बसावे, आजीने त्याला वाटी द्यावी. घेणाऱ्याने मागायचे नाही, देणारीने विचारायचे नाही, बरे वाटले तरी येऊन सांगायचे नाही. मध्ये शब्द पडला की हाताचा गुण जातो. या अबोल काढ्यावर गावाची श्रद्धा होती आणि आजीची गावाहून अधिक.

आजीची नात उन्नती महापेला एका कारखान्यात वनस्पतींचे अर्क तपासते. खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा होती, घरच्यांना बोलावणे होते. उन्नती आजीला प्रयोगशाळेत घेऊन गेली. काचेच्या नळीत कोमट खारे पाणी, त्यात हवेचे बुडबुडे, आणि दोऱ्याने टांगलेला, खाटकाकडून आणलेला बकऱ्याच्या आतड्याचा बोटभर तुकडा. धडापासून तुटलेला, तरी तो आकसत होता, सैलावत होता. पडद्यावर त्याच्या आकसण्याची रेघ चढत होती, उतरत होती. आजीने नकळत हात जोडले.

"मेल्यावर पन काम करतंय बिचारं," ती म्हणाली.

उन्नतीने पाण्यात एक औषध सोडले. तुकडा आखडला, रेघ उंच गेली. मग तिने ओवा आणि मुरडशेंगेचा अर्क सोडला. रेघ हळूहळू खाली आली आणि शांत पडून राहिली. आजीचे डोळे भरून आले. म्हणजे दुखणे बरे झाले ना, असे तिने विचारले.

"कळ थांबली, आजी," उन्नती म्हणाली. "कळ कशाने आली, ते अर्काला कळत नाही. गॅसची असेल तर आराम पडतो. पण आतड्याला पीळ बसून वाट बंद झाली असेल, तर वरून बरं वाटेल आणि आत सडत जाईल. म्हणून डॉक्टर आधी विचारतात."

घरी येताना आजीच्या मनात एकच घोळत राहिले. ज्यांना गुण आला ते सांगायला येत नसत, ही रीतच होती. पण मग ज्यांना आला नाही, तेही कुठे सांगायला आले होते?

दिवाळी सरली आणि एका सकाळी देवजी येऊन ओट्यावर बसला. तरुणपणी मिठागरात राबलेला, आता खोल्यांच्या भाड्यावर जगणारा, आजीला काकी म्हणणारा. पोट ढोलकीसारखे ताणलेले, कपाळावर घाम. शेजारची बायजाबाई दारात उभी होती. आजीने वाटी भरली, ती पुढे केली आणि तिचा हात तिथेच थांबला. न विचारता द्यावे, तर देवजीच्या जिवाचे काय? विचारावे, तर सासूच्या शब्दाचे काय, आणि हाताच्या गुणाचे काय?

"देवजी," आजी म्हणाली, "वारा सरतो का रे तुझा?"

देवळातली देवी बोलावी तसा तो बघत राहिला. "अगो, बोललीस?" बायजाबाई म्हणाली. "आता कसला गुन येतोय!"

"विचारलं ते सांग."

"कालपासना नाय, काकी. पानी पन वर येतंय. तू दे ना, तुझ्या हातानं बरं वाटंल."

"बरं वाटंल, म्हनूनच नाय देत," आजी म्हणाली, आणि वाटी खाली ठेवून तिने रिक्षा आणवली.

आतड्याला पीळच बसला होता. शस्त्रक्रिया वेळेत झाली, देवजी वाचला. त्याला बघून आजी परतली, तेव्हा मला म्हणाली, "बुवा, राहीबाईला मी वर काय तोंड दाखवू?" मी म्हणालो, जिने रीत घालून दिली, तिने ती माणसे जगावीत म्हणूनच घातली असेल. आजीला ते पटले की नाही, कोण जाणे.

गावाला तर पटलेच नाही. देवजीला डॉक्टरांनी वाचवले, आजीने गुण घालवला, असाच हिशेब लोकांनी केला. ओटा कित्येक सकाळी रिकामा राहू लागला. आजी डॉक्टरीण झाली, असे बायजाबाई नळावर सांगत फिरली. आजी तरीही रोज चूल पेटवी, काढा उकळी आणि वाट पाही.

मग एके दिवशी खुद्द बायजाबाईच आली. पोट धरून ओट्यावर बसली, जुन्या रीतीने ओठ घट्ट मिटून. आजी वाटी घेऊन समोर बसली आणि विचारू लागली. बायजाबाई हलेना, बोलेना. आजीही वाटी पुढे करेना. शेवटी पोटातल्या कळेनेच बायजाबाईचे तोंड उघडले.

"जवळ्याची चटनी जास्ती झाली, बाय. वारा सरतोय, सगळं होतंय. आनखी काय चारचौघांत सांगू?"

आजीने तिच्या पोटावर हात फिरवून पाहिला. पोट मऊ होते. तिने वाटी बायजाबाईच्या हातात दिली.

"पी," ती म्हणाली, "आनि उद्या येऊन सांग, गुन आला का नाय."