हयातीचा दाखला आणि हिंमतरावांचा पत्रा

तुळजाबाई लग्न होऊन धायरीत आल्या, त्याच वर्षी त्यांनी कणगीआड बसून ते भांडण ऐकलं. ओसरीवर सासरे आणि चुलत सासरे एकमेकांच्या आईबापाचा उद्धार करत होते. सख्खे भाऊ, आईबाप एकच, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

"हातभर बांध कोरलास तू."

"म्या न्हाय. उंदरानं कोरला."

"उंदराला बरं माझंच वावर गावलं."

बाईंची शाळा दुसरीपर्यंत. पण या घरात पंगतीला वाढताना कुणी हात आखडणार नाही आणि बांधावरून कुणी बोटभर सरकणार नाही, एवढं त्यांना तिथंच कळलं. पुढं सासरे गेले, तसाच बांध त्यांच्या दोन मुलांच्या मधे आला. थोरला तुळजाबाईंचा नवरा, कालव्यावर पाटकरी. पाण्याची दारं उघडायची आणि मिटायची ही त्याची नोकरी. धाकटा हिंमतराव, किराणा दुकानदार. वावरं बिल्डरनं घेतली, चहूबाजूंनी इमारती उठल्या, बांध मात्र गेला नाही. आता त्याला भिंत म्हणत. भिंतीअलीकडं तुळजाबाईंचा ओटा, पलीकडं हिंमतरावांचं दुकान. पाटकरी वारला तेव्हा हिंमतराव खांदा द्यायला आले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भिंत मोजायला आले.

नवऱ्यामागं बाईंना पेन्शन लागली. चूल त्यावरच. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असा दाखला द्यायचा. नाही दिला तर पेन्शन थांबायची. एका साली मशीनवर अंगठाच उठेना. राखेनं भांडी घासून घासून रेषा पार गेलेल्या.

"आजी, ठसा येत नाही. फोनवर चेहरा दाखवा, ते चालतं," बँकेतला पोरगेला साहेब म्हणाला.

"चेहरा हा काय, तुमच्या म्होरंच हाय."

"मला नको. फोनला दाखवा."

फोनला दाखवायचं तर इंटरनेट पाहिजे, आणि इमारतींच्या मधे दबलेल्या त्या गल्लीत फोनला एक काडी येईल तर शपथ. पण त्याच साली फुकट वायफायची कसलीशी योजना आली होती. डबा लागायचा होता देवळाच्या कट्ट्यावर. हिंमतराव म्हणाले, "करंट माझ्या दुकानातनं देतो," आणि डबा त्यांच्या भिंतीवर चढला. खाली पाटी लागली: ‘मोफत वायफाय. सर्वांसाठी.’ त्याखाली हिंमतरावांनी रंगानं आपली ओळ जोडली: ‘दुकानासमोर बसू नये.’

बाईंच्या भावाची लेक नम्रता आयटीत होती, वाघोलीला राहायची. ती शनिवारी आली, ओट्यावर फोन धरून म्हणाली, "आत्या, दोन काड्या आल्या. आता हलू नकोस."

तेवढ्यात भिंतीवर हिंमतरावांचं डोकं उगवलं. "वहिनी, रेंज आमच्या भिंतीवरची हाय."

"पाटीवर सर्वांसाठी लिवलंय, भावजी."

"सर्वांत तुमी कुठनं आल्या?"

एवढं बोलून ते गेले ते पत्रे घेऊनच आले. वावर होतं तोवर वाफ्याला पाणी दिलेला माणूस. त्यांना वाटलं, रेंजही पाटाच्या पाण्यासारखीच. तीन बाजू बंद केल्या की सगळी आपल्या वाफ्यात वळेल. म्हणून वहिनीच्या बाजूला पत्रा, कट्ट्याच्या बाजूला पत्रा, गल्लीच्या बाजूलाही पत्रा. डबा उघडा राहिला तो फक्त दुकानाच्या दाराकडं.

ओट्यावर नम्रताच्या फोनमधलं चक्र नुसतं गरगरत राहिलं. महिना संपायला चार दिवस उरले होते.

"आत्या, सोड ना. कॅब करते, माझ्याकडे चल. दोन मिनिटांत होईल."

"म्हंजे वाघोलीला जाऊन जिवंत व्हायचं? हितं काय मेले का मी?" बाईंनी पदर खोचला, गुडघा धरत उठल्या आणि भिंतीला वळसा घालून निघाल्या. फोन घेऊन नम्रता मागं.

दुकानापुढं पाहतात तर जत्रा. कट्ट्यावरची रेंज गेली म्हणून अख्खी गल्ली शोध घेत घेत दुकानाच्या दारात येऊन बसली होती. रेशनकार्डाचं काम घेऊन आलेल्या मथुराबाई बाकावर, कॉलेजची पोरं पायरीवर, जेवणाचे डबे पोचवणारे दोघं साखरेच्या पोत्यावर. घेत कुणी काही नव्हतं. आणि ज्याला घ्यायचं होतं, त्याला गल्ल्यापर्यंत वाट नव्हती.

मथुराबाईंनी सरकून जागा दिली. बाई बरोबर ‘बसू नये’च्या खाली बसल्या.

"पाटकऱ्याची बायको हाय मी, भावजी. पाणी अडवलं तर तुंबून कुठं यील, हे मला इचारायचं व्हतं."

हिंमतराव काळेनिळे झाले. पत्रे काढावेत तर वहिनी जिंकली, ठेवावेत तर गिऱ्हाईक गेलं. ते बाईंच्या मागं येऊन उभे राहिले आणि फोनमध्ये डोकावले.

"दोन चेहरे दिसतायत म्हणतोय हा," नम्रता म्हणाली. "एकच पाहिजे."

"सरका, भावजी. न्हायतर माझ्या जागी तुमाला जिवंत धरतील."

पोरं हसली. हिंमतराव सरकले, पण जाताना म्हणाले, "अजून किती वर्सं जगायचा इचार हाय?"

"पत्रा गंजंपतुर."

फोननं डोळे मिचकवायला सांगितलं. हिंमतरावांच्या पुढ्यात बाईंनी तीस वर्षांत पापणी लवू दिली नव्हती. तेव्हा त्यांनी आधी त्यांच्याकडं पाठ केली आणि मग मिचकवले.

पत्रे तसेच राहिले. दर नोव्हेंबरात बाई त्या बाकावर जात, दाखला करत, आणि फुकट बसली असं म्हणायला नको म्हणून एक काडेपेटी घेत. हिंमतराव काडेपेटी हातात देत नसत, फळीवर टाकत. दिवाळीला इकडचा फराळ तिकडं गेला नाही, तिकडचा इकडं आला नाही.

शेवटच्या साली बाई फार वाळल्या होत्या. नम्रता ओट्यावर फोन उघडून पाहते तर काड्या भरलेल्या. बाईंच्या बाजूचा पत्रा गंजून, निखळून खाली पडला होता.

"आत्या, इथंच येतंय आता. कशाला उठतेस?"

बाईंनी पडलेल्या पत्र्याकडं पाहिलं. मग चपला पायात सरकवल्या, नम्रताच्या खांद्यावर हात ठेवला आणि तीनदा थांबत, भिंतीला वळसा घालून दुकानात गेल्या. बाकावरच्या पोरानं जागा दिली. हिंमतरावांकडं पाठ करून त्यांनी डोळे मिचकवले. नम्रता म्हणाली, "झालं."

फळीवर काडेपेटी आपटली. बाईंनी ती उचलून कनवटीला लावली.

"पत्रा पडलाय, भावजी," त्या म्हणाल्या. "बसवून घ्या." आणि घराकडं निघाल्या.